बैठे श्रम, बंद खोली आणि ‘ड’ जीवनसत्त्व

मालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांना वाटले असावे की, विडी कामगारांत तीस वर्षे वावरलेला मनुष्य मजुरीवर, संपावर, फार तर भविष्यनिर्वाह निधीवर बोलेल. आम्ही विषय कळविला तो प्रौढ स्त्रियांतील ‘ड’ जीवनसत्त्व आणि त्यांची शारीरिक हालचाल हा. काही चूक तर झाली नाही ना, असे त्यांनी पुन्हा विचारून घेतले. चूक नव्हती. आमचे शालेय शिक्षण सातवीत संपले. वैद्यकाची पदवी आमच्यापाशी नाही. जे काही येथे सांगणार आहोत ते वाचनालयात बसून आणि एका डॉक्टर स्नेह्याच्या मदतीने इंग्रजी शोधनिबंध ओळ ओळ लावून मिळविलेले आहे. परंतु हा विषय आम्ही पुस्तकातून उचलला नाही. युनियनच्या कचेरीचा जिना एका बाईला चढता येईना, म्हणून तो आमच्यापर्यंत आला.

कचेरी पहिल्या मजल्यावर आहे. आमची एक सभासद, वय बावन्नच्या आसपास, बाराव्या वर्षापासून विड्या वळणारी, एके दिवशी खालच्या पायरीवर बसून राहिली आणि पोराकरवी तिने निरोप धाडला, “भाऊ, तुम्हीच खाली या. मांड्यांत बळच राह्यलं नाही.” आम्ही खाली गेलो. बोलणे झाल्यावर ती उठू लागली, तेव्हा आधी दोन्ही तळहात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असे स्वतःच्याच अंगावर हाताने चढत ती उभी राहिली. कंबर, मांड्या, नडग्या यांत सदाचे दुखणे. कारखान्यात तिला कामचुकार ठरविण्यात आले होते. दवाखान्यात वेदनाशामक गोळ्या आणि एक पुडी देऊन दोन उपदेश करण्यात आले होते: “उन्हात बसत जा” आणि “जरा अंग हलवा, काम करा.” पहिल्या उपदेशाचे तिला हसू आले होते, कारण ऊन म्हणजे आपल्याकडे टाळावयाची वस्तू. दुसरा मात्र तिच्या जिव्हारी लागला होता. ती म्हणाली, “चाळीस वर्सं केलं ते मग काय होतं?”

आम्हांला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. ह्या लेखात ते देण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातील वैद्यांत त्याच्याशी नाते सांगणारा एक मोठा वाद पेटला होता. मुलांची हाडे मऊ राहून पाय धनुष्यासारखे वाकविणारा मुडदूस हा रोग त्या काळी तिकडच्या धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांतून मोकाट होता. ग्लासगोच्या लिओनार्ड फिन्डले ह्यांनी १९०८ साली कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग केले. कोंडून ठेवलेल्या पिलांना मुडदूस झाला, मोकळी हिंडणाऱ्यांना झाला नाही. यावरून ग्लासगोचा पक्ष म्हणू लागला की, हा व्यायाम न मिळाल्याचा आणि कोंदट घरांचा रोग आहे. लंडनमध्ये एडवर्ड मेलन्बी ह्यांनी पुढे दहा-अकरा वर्षांनी घरात ठेवलेल्या कुत्र्यांना ओटच्या लापशीसारखा निकृष्ट आहार देऊन मुडदूस आणला आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजून तो हटविला. तेव्हा लंडनचा पक्ष म्हणाला, व्यायामाचा काय संबंध? हा आहाराचा रोग! आणि त्याच सुमारास, १९१९ साली, बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की ह्यांनी मुडदूस झालेल्या मुलांना जंबुपार किरणांच्या दिव्याखाली धरले, तो ती ना आहार बदलता ना व्यायाम देता बरी होऊ लागली. गंमत अशी की, किरण एका हातावर पाडले तरी दुसऱ्या हाताचेही हाड सुधारे. म्हणजे कातडीत काही तरी तयार होऊन रक्तावाटे सगळीकडे पोचत होते. (उन्हाचा आणि मुडदुसाचा संबंध थिओबाल्ड पाम ह्या इंग्रज मिशनरी डॉक्टरांनी १८९० सालीच, देशोदेशींच्या मिशनऱ्यांकडून माहिती मागवून, दाखविला होता. पण पत्रे गोळा करणाऱ्याचे कोण ऐकतो!)

ह्या वादात आपल्या नाशिकची साक्ष निघालेली आहे, हे गोदाकाठी बसून ऐकणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्हांलाही ते पन्नाशी उलटल्यावर कळले. हचिसन आणि पटेल ह्या दोघा डॉक्टरांनी मुंबई शहरातील मुडदूस, आणि नाशिक शहर व जिल्ह्यातील ‘उशिराचा मुडदूस’, म्हणजे वयात आलेल्या मुलींना व बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांना होणारा हाडांचा मऊपणा, यांची पाहणी केली आणि १९२१ साली ग्लासगोच्या एका वैद्यकीय मासिकात ती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी हचिसन आणि शहा ह्यांचा आणखी एक निबंध निघाला. त्यांना आढळले ते सर्वांच्या अपेक्षेच्या उलट होते. दूध-तूप खाणाऱ्या, सुखवस्तू, पण गोशात किंवा वाड्याच्या माजघरात राहणाऱ्या घरांत, मग ती मुसलमानांची असोत की वरिष्ठ हिंदूंची, हा रोग होता. कदान्न खाऊन दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरिबांच्या बायकामुलांत तो जवळजवळ नव्हता. चांगले खाणे असूनही भिंतींनी हाडे मऊ केली होती! अशा स्त्रीचे श्रोणीचे हाड दबले की बाळंतपणात मूल अडे, आणि पुढे काय होई ते सांगावयास नको.

अमेरिकेत एल्मर मॅककॉलम ह्यांनी १९२२ साली सिद्ध केले की, कॉडच्या तेलातील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केले तरी त्या तेलाची मुडदूस बरा करण्याची शक्ती टिकून राहते. तेव्हा तो निराळा पदार्थ. अ, ब, क ही अक्षरे आधीच वाटली गेली होती, म्हणून ह्याच्या वाट्याला ‘ड’ आले. लंडनही बरोबर होते आणि बर्लिनही: तेच द्रव्य माशाच्या तेलात असते आणि तेच उन्हाने कातडीत होते. ग्लासगोचे काय? फिन्डले ह्यांची पिले कोंडली गेली तेव्हा त्यांची हालचालही गेली आणि ऊनही गेले. कोणते गेल्यामुळे रोग झाला हे त्या प्रयोगातून निघत नव्हते. ही गाठ वाचकांनी ध्यानात ठेवावी. आजच्या शोधनिबंधांतही ती वारंवार पडलेली दिसते.

आता ‘ड’ शरीरात कसे तयार होते ते थोडक्यात. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे किरण त्यावर पडले की त्याचे ‘ड’ होते. यकृतात त्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते आतड्याला अन्नातील कॅल्शियम शोषून घ्यावयास लावते. ते नसेल तर पोटात गेलेले कॅल्शियम बव्हंशी तसेच बाहेर पडते.

हे ‘ब’ किरण मोठे नाजूक. खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. तेव्हा काचेआड ऊन खात बसलेल्या बाईला ऊब मिळेल, ‘ड’ मिळणार नाही. सूर्य तिरपा असला म्हणजे वातावरणातच ते बहुतेक शोषले जातात. आपल्याकडे आजीबाईंपासून डॉक्टरांपर्यंत सर्व जण कोवळ्या उन्हाची शिफारस करतात. कोवळे ऊन प्रसन्न असते, पण सकाळी सातच्या लांबलचक सावल्यांच्या उन्हात ‘ड’ नावालाच तयार होते. ओळखण्याची सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली म्हणजे ते किरण बऱ्यापैकी पोचू लागले. नाशिकला मे महिन्यात साडेनवाच्या सुमारासच ही वेळ येते, आणि विसाव्या तारखेच्या आगेमागे तर भर दुपारी सावली पायांखाली नाहीशी होते. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही माध्यान्हीला आपली सावली आपल्यापेक्षा किंचित आखूडच असते. म्हणजे ज्या गावाला वर्षाचे बारा महिने हे ऊन फुकट मिळते, त्या गावात ‘ड’ ची वाण पडते! सावळ्या कातडीला तेवढेच ‘ड’ तयार करावयास गोऱ्या कातडीपेक्षा अधिक वेळ लागतो हे खरे. धूर, धूळ आणि पावसाळी ढगही आड येतात. पण मुख्य कारण आम्हांला दिसते ते कामाची जागा हे. १९२१ साली नाशिकची जी बाई माजघरात होती, तिची जागा आज विड्यांच्या, शिवणकामाच्या, पॅकिंगच्या बंद खोल्यांतून बसलेल्या बायांनी घेतली आहे. फरक इतकाच की, माजघरातल्या बाईला निदान दूध-तूप मिळत होते.

श्रमांकडे वळू. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन भिंतीला टेकून बसते. पान कातरावयाचे, तंबाखू भरावयाची, वळावयाची, तोंड मोडावयाचे, दोरा गुंडाळावयाचा. दिवसाला आठशे-हजार विड्या करावयाच्या तर बोटांना क्षणाची उसंत नसते. हे श्रम नव्हेत असे म्हणणाऱ्याने एक दिवस सूप मांडीवर घेऊन पाहावे. तथापि हाडांची आणि मोठ्या स्नायूंची गणिते निराळी आहेत. ज्या हाडावर भार पडतो, धक्का बसतो, तेच हाड शरीर मजबूत राखते. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट अंतराळवीराचे पाहा. तेथे ऊन अंगावर घेता येत नाही म्हणून त्याला ‘ड’ च्या गोळ्या देतात, खाणे मोजून देतात. तरी पायांवर स्वतःचा भार नसल्यामुळे खुब्याच्या व कंबरेच्या भागातील हाडांचा महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का ऱ्हास होत असे, आणि तो रोखण्यासाठी त्याला यंत्रांवर रोज कसून व्यायाम करावा लागतो. दहा तास मांडी घालून बसलेल्या बाईच्या मांडीचे हाड तितक्या काळापुरते अंतराळवीराच्याच पंक्तीला बसलेले असते. तिची बोटे थकतात, मान आखडते, डोळे चुरचुरतात आणि मांड्या मात्र बेकार राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून निदान दीडशे ते तीनशे मिनिटे झपाट्याने चालण्यासारखी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगितला आहे. आठवड्याला साठ तास राबणारी आमची सभासद त्या हिशेबात नापास होते, ह्यात तिचा दोष कोणता?

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘ड’ फारच खाली गेले की केवळ हाड मऊ पडते असे नाही, खांद्याचे आणि मांडीचे मोठे स्नायूही दुबळे होतात. उकिडवे बसून उठता येत नाही, जिना चढवत नाही, चाल बदकासारखी डुलती होते. वैद्यकात ह्या अवस्थेला अस्थिमार्दव म्हणतात. आणि ज्याला चालवत नाही तो घराबाहेर कसा पडणार, नि ऊन कसे मिळणार? अशा बाईला “अंग हलवा” म्हणून सांगणे म्हणजे पाय बांधून धावावयास लावणे होय.

म्हणूनच ‘हालचाल करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात ‘ड’ अधिक असते’ असा निष्कर्ष वाचनात आला की आम्ही जरा थांबतो. हा संबंध अनेक देशांच्या पाहण्यांत दिसलेला आहे, त्याविषयी शंका नाही. पण चालणारी स्त्री बहुधा उघड्यावर चालते. तेव्हा श्रेय पायांना द्यावयाचे की उन्हाला? दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सैनिकांच्या रक्तात ‘ड’ पुष्कळ आणि इस्पितळातील डॉक्टर-परिचारिकांच्या रक्तात फारच कमी आढळले. सैनिक कवायतही करतो आणि उन्हातही असतो. म्हणजे फिन्डले ह्यांच्या पिलांचीच गाठ! शिवाय ‘ड’ चरबीत विरघळून तेथे अडकून राहते, म्हणून स्थूल शरीरात रक्तातले प्रमाण कमी भरते, आणि स्थूल मनुष्य हालतोही कमी. तिसरे कारण आताच सांगितले: ज्याच्या स्नायूंत बळ नाही तो चालतच नाही. ह्या तिन्ही वाटा खऱ्या असू शकतात, आणि पाहणीच्या एका आकड्यातून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. आम्ही आमच्यापुरते इतके समजतो की, ऊन हालचालीची उणीव भरून काढीत नाही आणि हालचाल उन्हाची भरून काढीत नाही.

आणि दोन्ही असून ताटात काही नसेल तरीही चालत नाही. आंध्रात तिरुपतीच्या आसपासच्या खेड्यांत पाहण्या झाल्या, तेव्हा उन्हात राबणाऱ्यांच्या रक्तात शहरवासीयांपेक्षा ‘ड’ अधिक होते, पण त्यांच्या जेवणात कॅल्शियम अगदी तुटपुंजे होते. आपल्याकडे नाचणी ह्या बाबतीत श्रेष्ठ धान्य. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तीळ आहेत, दूध-ताक परवडेल तसे. ‘ड’ मात्र अन्नात थोडेच मिळते: बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे, अंड्याचा बलक, आणि ज्या दुधात ते मुद्दाम मिसळलेले असते असे पिशवीवर छापलेले असेल ते दूध.

राहता राहिली ती पुडी. साठ हजार एककांची ही पुडी आता घरोघरी पोचली आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोजची शिफारस केली ती ६०० एककांची. तेव्हा साठ हजारांची पुडी म्हणजे तीन महिन्यांहून अधिक दिवसांचा शिधा एका घोटात! खरी कमतरता असेल तेथे डॉक्टर ती ठरावीक आठवडे देतात आणि गुण येतो; त्याबद्दल आमचे म्हणणे नाही. परंतु शेजारणीने सांगितले म्हणून वर्षानुवर्षे पुड्या घेणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या सव्वादोन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख एककांचा डोस दिला गेला आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. २०१० साली निकाल लागला: डोस घेणाऱ्या स्त्रिया अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडे अधिक मोडली. अमेरिकेत पंचवीस हजारांवर सर्वसाधारण प्रकृतीच्या स्त्रीपुरुषांत रोज २००० एकके देऊन पाहिली. २०२२ साली जाहीर झाले की, हाडे मोडण्याचे प्रमाण त्याने घटले नाही. ज्यांच्याजवळ आधीच पुरेसे आहे त्यांना अधिक देऊन फायदा नाही, एवढाच त्याचा अर्थ. खरोखर कमतरता असलेल्या बाईने ह्यावरून औषध सोडू नये.

चाचणीविषयीही एक शब्द. दर मिलिलिटर रक्तात २० नॅनोग्रॅम असले म्हणजे बहुतेकांच्या हाडांना पुरते, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने २०१० साली ठरविले. दुसऱ्या एका तज्ज्ञसंस्थेने पुढच्याच वर्षी ३० ची रेघ आखली, आणि अर्धे जग एका रात्रीत आजारी ठरले. त्याच संस्थेने २०२४ साली ती रेघ मागे घेतली आणि निरोगी माणसांनी उगाच चाचणी करू नये असेही सांगितले. प्रयोगशाळांच्या छापील कागदांवर जुना आकडा भेटला तर घाबरून जाऊ नये. मात्र उठता-बसता न येणे, नडग्यांत दाबल्यावर दुखणे, जिना न चढवणे ही लक्षणे असतील तर ती वयाची म्हणून सोडूही नयेत.

आमच्या सभासद मावशींची तपासणी डॉक्टर स्नेह्याने करविली. अस्थिमार्दवच निघाले. औषध सुरू झाले, कॅल्शियम सुरू झाले, आणि ऊन व चालणे ही दोन पथ्ये सांगितली गेली. औषध विकत मिळते. ऊन आणि चालणे मिळविण्यासाठी मालकाकडे जावे लागले.

१९४८ च्या कारखाने कायद्यात उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला बसावयाची सोय द्यावी असे कलम होते. बसून काम करणाऱ्याला उठावयास मिळावे असे मात्र कोणाला सुचले नव्हते. पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची सुटी त्यात होती. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. आम्ही मागणी केली ती साधी: दुपारच्या सुटीत कारखान्यामागचे अंगण मोकळे हवे. तेथे रिकाम्या पोत्यांचे ढीग होते. व्यवस्थापक हसून म्हणाले, “आता ऊनसुद्धा युनियन मागणार का?” पण अंगण मोकळे झाले.

पहिल्या दिवशी एकही बाई बाहेर आली नाही. आम्ही चिडलो, आणि मग शरमलो. मजुरी हजारी आहे. अर्धा तास म्हणजे पन्नास विड्या, आणि ह्या पन्नास विड्या ज्याच्या त्याच्या घरी भाजीच्या रूपाने दिसतात. मग बाहेर बसून वळा, असे आम्ही शहाणपणाने सुचविले. त्यावर एक म्हातारी आमच्याकडे पाहून म्हणाली, “भाऊ, तुम्ही कधी विडी वळली का? उन्हात पान वाळतं.” पान भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ ठेवावे लागते, ऊन लागले की ते तडकते. ही बंद, दमट खोली बाईसाठी नव्हतीच, ती पानासाठी होती. तीस वर्षे ह्या धंद्यात काढून ही गोष्ट आम्ही कधी जुळवून पाहिली नव्हती.

तोड बायांनीच काढली. सकाळी वळलेल्या विड्या मोजून त्यांचे कट्टे बांधावयाचे काम त्या दुपारपर्यंत शिल्लक ठेवू लागल्या. कट्टा बांधावयास ओले पान लागत नाही. कोणी तरी जुने उंच टेबल आणले. त्याभोवती उभ्याने, बाह्या वर सारून, कट्टे बांधणे चालू झाले, आणि बांधलेले कट्टे आत नेऊन ठेवण्याच्या खेपा त्यांनी आपसांत वाटून घेतल्या. एप्रिल-मेमध्ये ही वेळ दहाला आणली, कारण दुपारच्या उन्हाने चक्कर यावयाची. घरी बसून वळणाऱ्या बायांना ह्यातले काहीच लागू नाही, आणि त्यांची संख्या कारखान्यात येणाऱ्यांहून कितीतरी मोठी आहे. त्यांच्यासाठी काय करावे ह्यावर कचेरीत अजून भांडणे चालू आहेत.

आठ महिन्यांनी मावशी कचेरीचा जिना चढून वर आल्या. मध्ये एकदा थांबल्या, कठडा धरला, पण आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. तक्रार घेऊन आल्या होत्या: अंगणात पुन्हा पोती पडू लागली आहेत.